पेट्रोल कोणतं, टंकी किती आणि गाडी नक्की कुठपर्यंत जाईल

भाचीने गेल्या दिवाळीत सेकंडहँड स्प्लेंडर घेतली, 2021 ची, आणि तेव्हापासून रात्री दहाच्या सुमारास तिचा एक तरी मेसेज येतोच. मामा, 95 वालं टाकू का. मामा, फुल टंकीत महेश्वर दोनदा जाऊन येईल ना. मामा, मैत्रीण म्हणते सकाळी सहाला भरलं तर जास्त मिळतं. मामा, पंपवाला म्हणाला प्रीमियम टाकाल तर अ‍ॅव्हरेज वाढेल, खरं का. मी इंदूरमधे तीस वर्षं दुचाकी चालवतोय, राजेंद्र नगर ते पालद्याची फॅक्टरी रोजचा रस्ता, आणि हे सगळे प्रश्न मलाही पडलेले होते, फक्त तेव्हा कुणी नीट सांगणारं नव्हतं, पंपावरचा पोऱ्या सांगेल ते खरं. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतोय, तिच्यासाठी आणि ज्यांना हेच विचारायचंय त्या सगळ्यांसाठी.

आधी तो 91, 95, 99 आकडा काय आहे ते बघू कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. हा आकडा म्हणजे ऑक्टेन. बहुतेकांना वाटतं ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, जास्त आकडा म्हणजे जास्त दम. तसं नाहीये. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची थांबायची क्षमता.

खो-खो आठवा. रांगेत बसलेल्या गड्याला पाठीवर हात पडून खो मिळेपर्यंत उठायचं नसतं, आधी उठला की फाऊल. इंजिनातही हेच. पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, दाबलं की ते तापतं, आणि मग प्लग ठिणगी देतो तेव्हाच ते पेटायला हवं. ठिणगी हा खो. ऑक्टेन कमी असलेलं पेट्रोल जास्त दाबलं आणि तापलं की त्याला दम धरवत नाही, ठिणगीची आग सगळीकडे पोचायच्या आधीच त्यातला एखादा कोपरा आपोआप भडकतो, आणि मग ती टकटक, खडखड येते, खास करून चढावर मोठ्या गियरमधे जोर दिल्यावर. मेकॅनिक म्हणतो इंजिन ठोकतंय. ते फार दिवस चाललं तर पिस्टनचं नुकसान होतं. आता हे बघा, खो मिळेपर्यंत गडी किती शांत बसतो यावरून तो धावतो किती जोरात ते कळत नाही ना? तसंच ऑक्टेनवरून पेट्रोलमधे एनर्जी किती आहे ते अजिबात कळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढे इथेनॉलचं सांगेन तेव्हा हे अजून स्पष्ट होईल.

आकडा काढतात कसा तेही सांगतो. लॅबमधे एक खास टेस्ट इंजिन असतं, त्यात आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला 100 मार्क दिलेत आणि हेप्टेन नावाच्या द्रवाला 0, आणि तुमचं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखं वागतं ते बघतात. 95 ऑक्टेन म्हणजे 95 भाग आयसो-ऑक्टेन आणि 5 भाग हेप्टेन मिसळल्यावर जेवढा दम धरला जातो तेवढा. बस, एवढंच.

मग आपल्या गाडीला किती लागतो? ते ठरतं इंजिन मिश्रणाला किती दाबतं यावर, ज्याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. स्प्लेंडरचा दहाच्या आसपास आहे, क्लासिक 350 चा साडेनऊ. ही शांत इंजिनं आहेत, साध्या पेट्रोलवर चालावीत म्हणूनच बनवलेली. केटीएम 390 सारख्या गाडीचा बाराच्या वर जातो, तिथे जास्त ऑक्टेन कामाला येऊ शकतं, आणि तिथेसुद्धा कंपनीने मॅन्युअलमधे काय लिहिलंय ते बघायचं, पंपावरचा बोर्ड काय म्हणतो ते नाही. पेट्रोल कोणतं टाकायचं याचं उत्तर मॅन्युअलच्या एका ओळीत असतं आणि ती ओळ बहुतेक कुणी वाचलेली नसते. सेकंडहँड गाडीबरोबर मॅन्युअल मिळालं नसेल तर कंपनीच्या साइटवर बघा, नाहीतर सर्विस सेंटरला विचारा, पण बघाच.

आता यात एक नवी गोष्ट झालीये जी खूप जणांना माहीतच नाही. साधं पेट्रोल पूर्वी 88 ऑक्टेनचं होतं, मग ते 91 चं झालं. मग त्यात इथेनॉल वाढवत नेलं, आणि 20 टक्के इथेनॉलचं जे पेट्रोल, ज्याला ई20 म्हणतात, त्याचं ऑक्टेन 95 पर्यंत जातं, हे पेट्रोलियम मंत्रालयाने स्वतः 2025 च्या ऑगस्टमधे सांगितलंय. म्हणजे आज जे साधं पेट्रोल तुम्ही भरता तेच 95 च्या घरात आहे. मग 95 नावाचं प्रीमियम घेऊन ऑक्टेनमधे तुम्हाला काय जास्त मिळालं? स्प्लेंडरला तर काहीच नाही. त्यात जे वेगळं असतं ते अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे इंजेक्टर आणि व्हॉल्व वगैरेवर साचणारी काजळी धुणारं केमिकल. ते वाईट नाहीये, वर्षाकाठी दोन-तीन टंक्या टाकल्या तर हरकत नाही. पण रोज?

हिशोब करून बघा. आपल्याकडे मध्य प्रदेशात पेट्रोल आधीच महाग, शंभरच्या बरंच वर, सोपं जावं म्हणून 106 धरू आणि प्रीमियम 115 धरू. गाडी 60 चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर साध्यावर किलोमीटरला 1 रुपया 77 पैसे पडतात आणि प्रीमियमवर 1 रुपया 92 पैसे. प्रीमियमने स्वतःचे पैसे वसूल करायचे असतील तर अ‍ॅव्हरेज 60 वरून 65 च्या वर जायला हवं. असं काही होत नाही. मी माझ्या पल्सरमधे तीन टंक्या सलग टाकून वहीत लिहून बघितलंय, फरक एवढा बारीक होता की तो कमी ट्रॅफिकमुळे आला की पेट्रोलमुळे तेही सांगता येणार नाही. आणि ते 100 ऑक्टेनचं जे 2020 च्या डिसेंबरमधे आलं ते तर कितीतरी महाग, ते मोठ्या परदेशी गाड्यांसाठी आहे, शंभर सीसीत टाकून पैसे जाळू नका.

अजून एक, ह्या कंपनीचं पेट्रोल चांगलं आणि त्या कंपनीचं पाणीदार, असं आपल्याकडे घराघरात ठरलेलं असतं. आमचे काका आयुष्यभर एकाच रंगाच्या बोर्डाखाली पेट्रोल भरत आले. पण इंदूरला पेट्रोल येतं कसं ते बघा. देवास रोडला मांगलियाला डेपो आहेत, तिथे मुंबईहून मनमाडमार्गे पाइपलाइन येते, आपले पणजोबा-खापरपणजोबा ज्या दिशेने माळव्यात आले जवळपास त्याच दिशेने. सरकारी तेल कंपन्या एकमेकांच्या रिफायनरीचा माल देवाणघेवाण करून उचलतात, त्यामुळे मूळ साधं पेट्रोल एकाच स्टँडर्डचं असतं. फरक पडतो तो पंपावर, म्हणजे त्या पंपाची जमिनीखालची टाकी किती स्वच्छ आहे, पावसात तिच्यात पाणी शिरतं का, माप बरोबर आहे का, माल किती लवकर खपतो. म्हणून कंपनी निवडण्यापेक्षा पंप निवडा, ज्याच्यावर गर्दी असते आणि टँकर वारंवार येतो असा.

आता इथेनॉल. ह्यावर लोक खूप तावातावाने बोलतात, कुणी म्हणतं इंजिन खलास होतं, कुणी म्हणतं काहीच होत नाही. दोन्ही टोकं आहेत. इथेनॉल म्हणजे दारूतलं तेच अल्कोहोल, उसापासून, मक्यापासून, तांदळापासून बनवतात. त्याचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा खूप जास्त, शंभराच्या वर, म्हणजे खो-खोतला अगदी शिस्तीचा गडी. पण एका लिटरमधे एनर्जी पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. बघा, इथेच ऑक्टेन आणि ताकद वेगवेगळी दिसते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे एकूण एनर्जी शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी होते, आणि आधी जे दहा टक्केवालं मिळत होतं त्याच्यापेक्षा तीन-साडेतीन टक्क्यांनी. नीती आयोगाच्या 2021 च्या रिपोर्टमधेही दुचाकींसाठी, ज्या बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनल्यात आणि ई10 साठी, म्हणजे दहा टक्केवाल्यासाठी सेट केल्यात, 3 ते 4 टक्के अ‍ॅव्हरेज घटेल असा अंदाज दिलाय. म्हणजे 60 देणारी गाडी 58 देईल. तीसवर येणार नाही. कुणाची साठवरून पंचेचाळीसवर आली असेल तर दोष इथेनॉलचा नाही, टायरमधली हवा, चेन, चिकटलेला ब्रेक नाहीतर एअर फिल्टर बघा.

माझं स्पष्ट मत आहे की लिटरमागे एनर्जी कमी झाली तर भावात ते दिसायला हवं होतं, आणि निदान प्रत्येक पंपावर किती टक्के इथेनॉल आहे ते मोठ्या अक्षरात लिहायला हवं. ज्याची महिन्याची कमाई बारा-पंधरा हजार आहे आणि जो दिवसभर डिलिव्हरीसाठी विजय नगर ते भंवरकुआं फिरतो त्याला तीन टक्के ही छोटी गोष्ट नाही. त्याला माहिती मिळण्याचा हक्क आहे.

जुन्या गाड्यांचं वेगळं. 2023 च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे ई20 सहन करतील असे बनवायला लागले. त्याआधीची गाडी असेल, आणि खास करून कार्ब्युरेटरवाली, तर रबरी पेट्रोल पाइप, कॉकचं वायसर, कार्ब्युरेटरमधल्या सील हे फुगू शकतात, कडक होऊन चिरू शकतात. उपाय महाग नाहीये, सर्विसच्या वेळी पाइप हाताने दाबून बघायचा, चिरा दिसल्या की बदलायचा. पाइपमधून पेट्रोलचा वास येत असेल तर त्याच दिवशी बदलायचा, उद्यावर ढकलायचं नाही, खाली गरम इंजिन असतं.

आणि पाणी. साधं पेट्रोल आणि पाणी वेगळं राहतं, पाणी खाली बसतं. इथेनॉल मात्र पाणी ओढून घेतं, थोडं असेल तर विरघळवून टाकतं आणि इंजिनातून निघून जातं, कळतही नाही. पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर खाली उतरतं, टंकीच्या तळाला एक वेगळाच थर होतो, आणि गाडी पेट्रोल तळातूनच ओढते. मग गाडी सुरू होत नाही, झाली तर झटके देते. पावसाळ्यात टंकीच्या झाकणाचं रबर खराब असेल तर हे होतं. गाडी महिना-दोन महिने उभी ठेवायची असेल तर टंकी बऱ्यापैकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा असते, रात्री गार पत्र्यावर तिचं पाणी होतं आणि आतून गंजही लागतो. पंपाच्या टाकीत पाणी गेलं तर काय होतं ते 2025 च्या जूनमधे रतलामला सगळ्यांनी बघितलं, मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या 19 गाड्या डिझेल भरल्यावर एकेक करून बंद पडल्या, डिझेलमधे पाणी निघालं. आपल्याबाबतीत असं झालं, पेट्रोल भरल्यावर दोन-चार किलोमीटरमधे गाडी अडखळायला लागली, तर सेल्फ मारत बसू नका. बिल जपून ठेवा, मेकॅनिककडून टंकी काढून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, दहा मिनिटं स्थिर ठेवा, थर दिसतो. तीच बाटली तक्रारीत कामाला येते. म्हणूनच म्हणतो बिल घेत जा, दोनशेचं भरलं तरी.

आता भाचीचा लाडका प्रश्न, गाडी किती जाईल. ती म्हणते मामा टंकी 9.8 लिटरची, अ‍ॅव्हरेज 57, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर. कागदावर बरोबर आहे. पण टंकीतलं सगळं पेट्रोल तुमचं नसतं.

माझ्या जुन्या पल्सरला खाली कॉक आहे, ऑन, रिझर्व्ह, ऑफ. लोकांना वाटतं रिझर्व्हची वेगळी टंकी असते. टंकी एकच असते, आत दोन नळ्या असतात, एक उंच आणि एक बुटकी. ऑनवर पेट्रोल उंच नळीतून येतं, पातळी तिच्या खाली गेली की गाडी घरघर करून बंद पडते, मग रिझर्व्हवर केलं की बुटकी नळी उरलेलं घेते. म्हणून कॉक कायम रिझर्व्हवर ठेवायची सवय वाईट, संपलं की एकदमच संपतं, इशारा मिळत नाही, आणि तो भर पावसात पीथमपूर रोडला मिळाला नाही की काय होतं ते मला चांगलं माहितीये.

भाचीच्या गाडीला कॉक नाही. 2020 नंतरच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनवाल्या आहेत, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल फवारतो, आणि टंकीच्या आतच छोटा इलेक्ट्रिक पंप बुडवलेला असतो आणि तो आजूबाजूच्या पेट्रोलनेच गार राहतो. पेट्रोल अगदी तळाला गेलं की तो पंप उघडा पडतो, तापतो, हवा ओढतो, तळाचा कचराही ओढतो. एकदा झालं तर काही नाही, पण महिनोन्महिने पन्नास-शंभरचं टाकून काटा लालमधेच ठेवायचा ही सवय पंपाचं आयुष्य कमी करते, आणि तो पंप बदलायचा खर्च काही टंक्या पेट्रोलच्या वर जातो. माझी समजूत आहे की ज्याला रोज शंभरचंच परवडतं तो हौसेने तसं करत नाही. पण निदान एकदा कसंही करून दोन लिटर जास्तीचं टाका आणि मग रोजचं शंभरचं त्याच्या वरती चालू ठेवा. रोजचा खर्च तोच, फक्त खालची पातळी दोन लिटरने वर.

तर रेंजचा हिशोब असा करायचा. 9.8 मधून खालचा दीड लिटर वजा करा, तो अडचणीचा. उरले 8.3. अ‍ॅव्हरेज चांगल्या दिवसाचं नाही, तुमच्या वहीतलं वाईट दिवसाचं धरा, समजा 53. म्हणजे 440. आता ज्या रस्त्याला जायचंय तिथे पंप किती अंतराने आहेत ते बघून त्यातून पन्नास-साठ कमी करा. एबी रोडला, म्हणजे आग्रा-मुंबई हायवेला, पंपांची कमी नाही. पण आतल्या रस्त्याला, जनापावच्या बाजूला नाहीतर मांडूहून पुढे गावांतून फिरायचं असेल तर वेगळं. अ‍ॅक्टिव्हा असेल तर टंकी 5.3 लिटरची, तिथे तर हा हिशोब फारच महत्त्वाचा, 45 च्या अ‍ॅव्हरेजने आणि एक लिटर बाजूला ठेवून दोनशेच्या आतच खेळ. मीटरवर जो "इतके किलोमीटर जाईल" आकडा येतो तो गाडी नुकत्याच झालेल्या प्रवासावरून अंदाज बांधून दाखवते, पुढे घाट आहे हे तिला ठाऊक नसतं.

आणि वही. अ‍ॅव्हरेज काढायची एकच खात्रीची रीत आहे. गाडी डबल स्टँडवर, टंकी एका ठरलेल्या खुणेपर्यंत भरायची, ट्रिप मीटर झिरो. मग हवं तेवढं चालवा, दोनशे-तीनशे किलोमीटर, आणि परत शक्यतो त्याच पंपावर, तसंच डबल स्टँडवर, त्याच खुणेपर्यंत भरा. किलोमीटर भागिले जेवढे लिटर गेले ते. एका वेळेवर विश्वास ठेवू नका कारण भरताना शंभर मिली इकडेतिकडे होतंच, चार-पाच वेळा काढून सरासरी घ्या. वीस-पंचवीस किलोमीटरवर काढलेलं अ‍ॅव्हरेज कुणी सांगितलं तर त्याला काही अर्थ नाही.

अ‍ॅव्हरेज खातं काय? सगळ्यात आधी स्पीड. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 50 वरून 80 वर गेलात तर स्पीड दीडपटीहून थोडा जास्त पण हवेचा विरोध अडीचपट. छोट्या गाडीत 45-50 ला जे अ‍ॅव्हरेज मिळतं ते 80 ला कधीच मिळणार नाही, पेट्रोल कोणतंही टाका. दुसरं सिग्नल, पलासियाला उभं राहून इंजिन चालू म्हणजे लिटर जातोय आणि किलोमीटर शून्य. आणि तिसरा घाट, ज्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण आपण माळव्याच्या पठारावर राहतो आणि नर्मदा खाली आहे.

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, महेश्वर दीडशेच्या. म्हणजे जाताना मानपूरनंतर चारशे मीटर खाली उतरायचं आणि येताना तेवढंच चढायचं. गाडी आणि दोन मुली मिळून 240 किलो धरा. एवढं वजन चारशे मीटर उचलायला लागणारी एनर्जी काढली, आणि इंजिन पेट्रोलमधल्या एनर्जीचा पाव भागसुद्धा धड चाकापर्यंत पोचवत नाही बाकी उष्णतेत जाते हे धरलं, तर फक्त चढण्याचे साधारण 140 मिली पेट्रोल जास्तीचं. सपाट रस्त्यावर त्यात आठ किलोमीटर झाले असते. म्हणून निमाडात, म्हणजे नर्मदेकाठच्या सखल भागात, उतरताना जे अ‍ॅव्हरेज दिसतं त्यावर परतीचा हिशोब करायचा नाही. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटातही हेच.

आणि इथे एक विनंती आहे, अगदी हात जोडून. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून गाडी सोडू नका. इंजेक्शनवाली गाडी गियरमधे असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि गाडी उतारावर जात असली की बहुतेक मॉडेलमधे इंजिनाला पेट्रोल देणंच बंद होतं, चाकच इंजिन फिरवतं. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे वाचत तर काही नाहीच, आणि इंजिनचा जो ब्रेक मिळत होता तो जातो, सगळा भार ब्रेकवर, ते तापतात आणि पकड सोडतात. गणपती घाटात आपल्या डोळ्यासमोर ट्रकांचं काय झालंय वर्षानुवर्षं ते इंदूरच्या माणसाला सांगायला नको. त्यातून बाइकवाल्यांनी शिकायचंच.

आता प्रत्यक्ष भरताना काय. सकाळी सहाला भरलं तर जास्त मिळतं, हे खरं का? पेट्रोल गार झालं की आकसतं हे खरंय, एका डिग्रीला साधारण हजारात एक भाग. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. समजा पाच डिग्री बदललं असं मानलं तरी पाच लिटरमागे 25 मिली, म्हणजे अडीच-पावणेतीन रुपये, आणि प्रत्यक्षात तेवढंही नाही. झोपा निवांत, पोहे-जलेबी खाऊन जा.

शंभरऐवजी 110 किंवा 105 चं टाका म्हणजे फसवणूक होत नाही, हेही ऐकलं असेल. मशीन लिटर मोजतं, तुम्ही गोल आकडा सांगा की वेडावाकडा, मापात खोट असेल तर दोन्हीकडे तीच खोट लागते. खरी फसवणूक वेगळीकडे होते आणि माझ्याबरोबर झालीये. तीनशेचं सांगितलं, त्याने शंभरचं भरून थांबवलं, सॉरी भिया शंभर ऐकलं म्हणाला, परत चालू केलं, एकजण मला कार्ड की यूपीआय विचारत होता, मी तिकडे बघितलं, आणि मशीन झिरो न करता तोच आकडा तीनशेपर्यंत नेला. पैसे मात्र चारशे मागितले, शंभर आणि तीनशे. म्हणून गाडीवरून उतरा, मशीनसमोर उभे राहा, झिरो बघा, भाव बघा, नोझल बाहेर निघेपर्यंत नजर हलवू नका, मोबाइल खिशात. शंका आली तर भांडू नका, पाच लिटरचं माप मागा. ते प्रत्येक पंपावर असतं आणि तपासून दाखवायला ते बांधील आहेत, पाच लिटरला 25 मिलीच्या आतला फरक चालतो, त्याच्यावर नाही. फिल्टर पेपरही मागता येतो, त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला की उडून जायला हवा, डाग उरला तर भेसळीची शंका.

फुल टंकी म्हणजे काठोकाठ नाही. झाकण उघडलं की आत एक गळा दिसतो, त्याच्या खालच्या कडेपर्यंतच. वरची जागा मोकळी सोडलेली असते कारण मे महिन्यात राजवाड्याजवळ उन्हात गाडी उभी केली की पेट्रोल फुगतं, त्याला जागा हवी. नव्या गाड्यांत पेट्रोलची वाफ पकडायला कोळशाचा डबा असतो, काठोकाठ भरलं की त्यात वाफेऐवजी पेट्रोलच शिरतं आणि तो निकामी होतो. तेव्हा "भिया थोडा और" म्हणायचं नाही. आणि हेल्मेट, 2025 च्या ऑगस्टमधे इंदूरला कलेक्टरांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा आदेश लागू केला तेव्हा पंपावर लोक एकमेकांचं हेल्मेट मागून घेत होते, ते बघून वाईट वाटलं. ते पंपापुरतं नसतं हो.

मागच्या रविवारी भाची आणि तिची मैत्रीण महेश्वरला जाऊन आल्या. मी सांगितल्याप्रमाणे तिने निघताना राजेंद्र नगरला डबल स्टँडवर भरलं, महेश्वरला पोचून परत भरलं, घाटावर नर्मदेचं दर्शन घेतलं, किल्ल्यात फिरल्या, आणि घरी येताना परत त्याच पहिल्या पंपावर. रात्री दहाला मेसेज आला. जाताना 90 किलोमीटर, 1.46 लिटर. येताना 92 किलोमीटर, 1.74 लिटर. खाली तिने स्वतःच भागाकार करून लिहिलं होतं, जाताना 61.6, येताना 52.9, आणि विचारलं होतं, मामा, एवढं कमी पेट्रोल भरून काढलेलं अ‍ॅव्हरेज तुम्ही म्हणता तसं शंभर मिलीने चुकलं असेल तर, म्हणून दोन्ही मिळून 182 भागिले 3.20 धरू ना? मी लिहिलं, धर. वहीत पहिली ओळ तीच लिही, 56.9.